समोरची वाट

भूगाव
१२ जानेवारी २०२५

प्रिय रत्नदीप,
जय भीम.

पत्र बघून हसशील. पण फोनवर आपलं बोलणं नीट होत नाही. दिवसा तुझा मोबाईल प्लँटच्या गेटवर जमा असतो, आणि संध्याकाळी फोन केलास की आई शेजारी कान देऊन बसलेली. मागच्या दोन्ही वेळा आपण तिच्यादेखत भांडलो. म्हणून लिहिते. शाळेत फळ्यावर लिहून माझं अक्षर मोठं झालंय, तेवढं चालवून घे.

तू म्हणालास तशी ही किरकोळ गोष्ट नाही. विठ्ठलरावांनी पौड रस्त्यालगतचं शेत बिल्डरला दिलं हे तुला माहीत आहे. तिथे आता फलक लागलाय. बावीस मजल्यांच्या दोन इमारती, वर पोहायचा तलाव. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भूगावात हल्ली शेतच शोधावं लागतं. पण डिसेंबरच्या शेवटी त्यांनी शेताला चारी बाजूंनी निळे पत्रे ठोकले, आणि आपल्या वस्तीची वाट त्या पत्र्यांच्या आत गेली. सध्या एक माणूस जाईल एवढी फट ठेवली आहे. पाया खोदायला लागले की तीही बंद.

त्यांच्या नकाशात वस्तीला दुसरा रस्ता दाखवलाय. मागून, ओढ्याच्या कडेनं, पार वळसा घालून. काँक्रीटचा करून देऊ म्हणतात. आजोबांनी आणि वस्तीतल्या माणसांनी एक अख्खा उन्हाळा मुरूम वाहून समोरची वाट केली, त्याआधी सगळे त्या ओढ्याच्या बाजूनंच यायचे-जायचे. हे तुला मी सांगायला नको.

पौडला तहसील कचेरीत अर्ज करायचं ठरलंय. एकतीस घरांच्या सह्या हव्यात. बाबा गेल्यावर ग्रामपंचायतीत घर तुझ्या नावावर झालं, म्हणून तुझं अधिकारपत्र लागेल. नमुना सोबत जोडते आहे. सही करून लगेच पाठव.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही.

तुझी,
ताई



दहेज, जि. भरूच
२९ जानेवारी

प्रिय ताई,
जय भीम.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून चौथीतल्या वहीची आठवण झाली.

रागावू नकोस, पण जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं. काँक्रीटचा रस्ता, त्यावर दिवे, हे आपल्याला ग्रामपंचायतीनं इतक्या वर्षांत दिलं का? लांब पडेल, पण आता घरोघरी दुचाकी आहे. आणि बिल्डरशी कोर्टकचेरी करून कोण जिंकतं? तारखा पडत राहतील. तुझी नोकरी, आईचं वय. जनार्दन त्यांच्याकडे साइटवर आहे, तो माझ्या वर्गातला. मी त्याच्याशी बोलतो. रस्त्याचं काम आधी करून घेऊ.

अधिकारपत्र सध्या पाठवत नाही. इथे बढतीचं चाललंय आणि कुठल्या दाव्यात नाव असलं की ते कागद मागतात. माझं नाव बाजूलाच ठेव. आई राहते तिथे, तिची सही चालेल.

गावात मोठ्या इमारती येणारच, ताई. त्यात आपल्यापैकी कोणी राहू नये असं थोडंच आहे?

आईला गुडघ्याचा पट्टा पाठवतो आहे.

तुझा,
रत्नदीप



भूगाव
९ मार्च

प्रिय रत्नदीप,

तुझ्या पत्राचा आधी राग आला. मग वाटलं, घरापासून इतक्या लांब एकटा राहतोस, बढतीची वेळ आहे, घाबरला असशील. अधिकारपत्राचं सोडून दिलं. आईनं राहणारी म्हणून सही केली. पूर्ण नाव लिहिलं, भीमाबाईतला एकही काना चुकला नाही.

अर्ज दाखल झाला. दयानंद वकील आपल्याच माणसांतले आहेत, पौडलाच बसतात. ते म्हणाले, वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार ती उघडून देऊ शकतात. मात्र वाट जुनी आहे हे सांगणारा बाहेरचा साक्षीदार हवा. बाहेरचा म्हणजे विठ्ठलरावच. म्हणून मी त्यांच्या बंगल्यावर गेले.

त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, वाट होती हे खरं आहे, पण मला कचेरीत बोलावू नका. जमिनीवर कुणाचा हक्क नाही, कुणाची वाट नाही, असं त्यांनी बिल्डरला लिहून दिलंय. आता उलट बोलले तर तेच अडकतील. मी उठले तसे दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, तुझा भाऊ शहाणा आहे, त्याला विचार. मला वाटलं, त्यांना आपलं कौतुक करायचंय.

फट आता बंद झाली. मागच्या आठवड्यात सोमनाथ मामा गेले. त्यांना ओढ्याच्या बाजूनं न्यावं लागलं. पायवाट उतरती, तिरडी दोनदा खाली टेकवली. वस्तीतली तरुण मुलं पत्रे उचकटायला निघाली होती. मोठ्यांनी त्यांना धरून ठेवलं. आता कागदानंच लढायचं ठरलंय.

जनार्दनशी काय बोलणं झालं ते कळव.

तुझी,
ताई



भूगाव
२५ एप्रिल

रत्नदीप,

काल पौडला पहिली सुनावणी झाली. वस्तीतून चाळीसेक माणसं गेलो होतो. आईही आली.

बिल्डरच्या वकिलानं एक कागद पुढे केला. संमतीपत्र. वस्तीतल्या सर्व रहिवाशांच्या वतीनं पर्यायी रस्ता मान्य आहे, जुन्या वाटेवर आमचा हक्क नाही, असं त्यात लिहिलंय. खाली तुझी सही. तारीख २३ नोव्हेंबर. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिण्याच्या आधीची. तहसीलदारांनी तुझं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे कोण? आई उठून म्हणाली, "माझा मुलगा."

नंतर वकिलानं तेही सांगितलं की तू त्याच इमारतीत फ्लॅट बुक केला आहेस. अकराव्या मजल्यावर.

परतताना टेम्पोत आमच्या दोघींशेजारची जागा रिकामी राहिली. बाकीचे उभे होते.

दयानंद वकील म्हणतात, तू प्रतिज्ञापत्र दे की कागद न वाचता सही घेतली, फ्लॅटच्या कागदांत घुसवून घेतली. मला वाटतं तसंच झालं असणार. ढीगभर कागद असतात, माणूस सही करत जातो. तसंच झालं ना? एवढंच लिहून पाठव, बाकी मी बघते.

प्रियदर्शिनी



भूगाव
१ जून

रत्नदीप,

पाच आठवडे झाले. तू पत्र लिहीत नाहीस आणि फोन उचलत नाहीस. मी लिहिणार नव्हते. आई म्हणाली, माझं लिहून दे. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे उतरवते आहे. माझे समजू नकोस.

“रत्नू, आमी बरं हाय. पट्टा आला, गुडघ्याला बांधतिया. जेवतोस का न्हाई येळेवर?

“बुद्धपुर्णिमेला मी विहारात गेली न्हाई. तुजी ताई म्हनली चल, पन मी न्हाई गेली. कुनी मला काय बोललं न्हाई रं. बोलली आसती तर बरं झालं आसतं. नळावर गेले की बाया गप हुत्यात.

“मी लगीन हून आले तवा तुज्या आज्यानं मला वड्याच्या अंगानं आनली. हातात हिरवा चुडा, अन् चिखलातनं चालत. मी इचारलं, म्होरनं रस्ता न्हाई का? तर सासूबाई म्हनल्या, म्होरला रस्ता त्यांचा. आपला ह्यो. मग दोन वर्सांनी म्होरली वाट झाली. तू त्याच वाटंनं दवाखान्यातनं घरी आलास. मी तुला पदरात घिऊन म्होरनं आले, तवा मला लई बरं वाटलं हुतं. का, ते तवा कुनाला सांगितलं न्हाई.

“तू वाचलं नसंल. घाईत आसशील. ल्हानपनीबी परीक्षेत प्रश्न न वाचता लिवायचास. तसंच झालं आसंल. सायबाला तसं सांग अन् मोकळा हो.”

संपलं. सही करायला सांगितली तर म्हणाली, त्याला ठाऊक हाय कोन बोलतंय.

प्रियदर्शिनी



दहेज
१४ जून

ताई,

मी वाचलं होतं.

दोनदा वाचलं. जनार्दन स्वतः म्हणाला, घरी ने, दोन दिवस ठेव, वाचून घे. मी तिथेच बसून वाचलं आणि सही केली. मला कोणी फसवलं नाही. तुला आणि आईला वाटतंय तसं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं.

नोव्हेंबरच्या सुट्टीत तो मला त्यांच्या ऑफिसात घेऊन गेला. आधी मी नुसता बघायला गेलो होतो. इथे भरूचला मी चार घरं बघितली तेव्हा काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. एका ठिकाणी किल्लीही हातात दिली होती. मग आडनाव विचारलं, कुठले, कोण, सगळं विचारलं, आणि सकाळी पुतण्या येणार आहे म्हणून किल्ली परत मागितली. त्या ऑफिसात कोणी काही विचारलं नाही. पॅन कार्ड घेतलं, पाणी दिलं, सर म्हणाले. ज्या गावात आजोबा मागून यायचे त्याच गावात, त्याच शेतावर, अकराव्या मजल्यावर आपलं नाव लागेल, या विचारानं मला भरून आलं. हे खरं आहे. आईला तिथे आणायचं होतं, हेही खरं.

पण अजून एक खरं आहे. तिथे टेबलावर इमारतीची प्रतिकृती ठेवली आहे. छोट्या गाड्या, छोटी माणसं. मी विचारलं, आमची वस्ती कुठे? जनार्दननं दाखवलं, तिथे स्पंजची हिरवी झाडं दाटीनं लावलेली होती. तो म्हणाला, तिकडचा रस्ता बंद झाला की भिंत आणि झाडं, वरून काही दिसणार नाही. आणि ताई, मला ते ऐकून बरं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग मी सही केली.

तुझ्या पत्रांना काय उत्तर देऊ? बढतीचं खोटं होतं.

न वाचता सही केली असं मी सांगणार नाही. पण सुनावणीला येईन. जे झालं ते सांगेन. वस्तीच्या वतीनं सही करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, हेही सांगेन. त्याचा उपयोग होईल की नाही हे दयानंद वकिलांना विचार. तारीख कळव.

आईला हे वाचून दाखवायचं का, ते तू ठरव.

रत्नदीप



भूगाव
२७ जुलै

रत्नदीप,

साक्ष झाली आणि तू तसाच पावसात एसटी स्टँडकडे गेलास. आई कचेरीच्या पायऱ्यांवर छत्री उघडून उभी होती. तुला ती दिसली नाही की तू बघितलं नाहीस, मला माहीत नाही. पुढचं तुला कळलं नसेल म्हणून लिहिते.

तहसीलदारांनी तुला विचारलं, वाचून सही केली का? तू म्हणालास, "हो, वाचून केली. पण ती वाट माझ्या एकट्याची नव्हती. ती देऊन टाकायचा मला अधिकार नव्हता." मागे आपली माणसं बसली होती. वाचून केली म्हटल्यावर बाकांवरून जो आवाज झाला तो तू ऐकलास. दयानंद वकिलांनी कपाळाला हात लावला. पण पुढचं वाक्य तहसीलदारांनी शब्दशः लिहून घेतलं.

तू गेल्यावर विठ्ठलराव उठले. त्यांना बिल्डरनंच आणलं होतं, स्वतःच्या बाजूनं बोलायला. त्यांनी टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "वाट हाय. मी तरणा हुतो तवापासनं हाय. माज्या बापानं दिली न्हाई, ह्यांच्या मानसांनी मुरूम वाहून केली. आमी बांधावर हुबं ऱ्हाऊन बघत हुतो." बिल्डरच्या वकिलानं त्यांना त्यांचं लिहून दिलेलं दाखवलं. ते म्हणाले, ते बी मीच लिवलंय. त्या पोरानं आपलं कबूल केलं, आता मी काय लपवू.

दहा-बारा दिवसांपूर्वी निकाल आला. वाट गाडी जाईल एवढ्या रुंदीनं मोकळी ठेवायची. पत्रे काढले. बिल्डर प्रांतांकडे गेलाय, तिथे पुन्हा सगळं उभं राहील. तोवर आम्ही समोरून येतो-जातो. तिथे रखवालदार बसवलाय. तो परराज्यातला आहे, प्रत्येकाला विचारतो, किधर जाना है. आई रोज सांगते, घरी.

आता दुसरं. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, पण झाडांचं सोडून. ते माझ्याच तोंडून निघेना.

मागच्या रविवारी ती म्हणाली, रत्नूचं घर बघायचं. मी नको म्हटलं, पण ऐकेना. ठेवणीतली पांढरी साडी नेसली. ऑफिसातल्या मुलीनं आदरानं सगळं दाखवलं. नमुन्याच्या स्वयंपाकघरात आईनं ओट्यावरून हात फिरवला, कपाटं उघडून बघितली. उंची बरोबर हाय म्हणाली. मला वाटलं, झालं, निघू. तेवढ्यात त्या मुलीनं तिला टेबलाजवळ नेलं आणि अकरावा मजला दाखवला. आई वाकून बघत राहिली. बोटानं पौड रस्ता शोधला, तिथून आत आली. मग विचारलं, "आन् आमी कुटं?" मुलगी म्हणाली, आजी, त्या बाजूला सगळी हिरवळ येणार आहे.

संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारलं, त्यानं ते टेबलावरचं बघितलं होतं का. मी म्हटलं, नाही, त्याला कागदच दाखवले.

तू चाळीस माणसांसमोर खरं बोललास, आणि मी चुलीपाशी तुझ्यासाठी खोटं बोलले. मला ते पेलत नाही. काय करायचं ते सांग.

ताई



दहेज
८ ऑगस्ट

ताई,

हे पान आईसाठी आहे. काही न सोडता वाच.

आई, मी ते टेबलावरचं बघितलं होतं. झाडं बघितली, त्यांच्याखाली आपलं घर आहे हेही मला माहीत होतं. आपलं घर वरून दिसणार नाही याचं मला बरं वाटलं होतं. ताई तुला नाही म्हणाली ते मला वाचवायला. त्या दिवशी पायऱ्यांवर तू छत्री घेऊन उभी होतीस, ते मी बघितलं. तुझ्यापुढे यायचं धाडस झालं नाही.

फ्लॅट आता नाही. साक्षीनंतर आठवड्यातच त्यांनी बुकिंग रद्द केल्याचं पत्र पाठवलं. मी सोडला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी सोडला नाही, त्यांनी काढला.

रत्नदीप



भूगाव
३१ ऑगस्ट

रत्नदीप,

वाचलं. सगळं वाचलं.

आई ऐकत बसली होती. झाल्यावर पान माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी पहाटे अंगण झाडताना मला हाक मारली आणि म्हणाली, माझ्याशी पुन्हा असं खोटं बोलू नकोस. मी हो म्हटलं. तुझ्याबद्दल तेव्हाही काही नाही.

काल विहारात बैठक होती. प्रांतांसमोर तारीख लागली आहे, १९ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा. तिथे बिल्डर तुझं संमतीपत्र पुन्हा पुढे करणार. दयानंद वकील म्हणाले, रत्नदीपला पुन्हा उभं राहावं लागेल, त्याच्याशिवाय तो कागद पडत नाही. सोमनाथ मामांचा थोरला म्हणाला, तो येऊ दे, काम झालं की जाऊ दे, आम्हाला त्याच्याशी बोलायचं नाही. दोघातिघांनी मान हलवली. वस्तीनं तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. केलेलं नाही. पुढे करतील की नाही, सांगता येत नाही.

मग आई उठली. एप्रिलच्या सुनावणीनंतर पहिल्यांदाच ती विहारात आली होती. म्हणाली, "त्यानं वाचून सही केली, हे मला ठाव हाय. कशापायी केली, तेबी ठाव हाय. मी त्याची बाजू घेत न्हाई. पन तो येईल तवा माज्या घरी उतरंल. कुनाला यायचं आसंल तर या, नसंल तर नका येऊ." आणि बसली.

घरी आल्यावर मला म्हणाली, लिही त्याला. अठराला ये. एसटीनं आलास तर मी थांब्यावर येते. गुडघ्याची काळजी करू नको.

तेवढंच लिहायचं होतं. रजा टाक.

ताई